साडूभाऊंची वही

कुलूपवाल्याला सगळे कुलूपवालाच म्हणत. त्याला चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते वापरायची वेळ मतदानाच्या दिवशीच यायची. त्याचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे उरलेली फट. दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकायची. एका भिंतीवर न कापलेल्या किल्ल्या आकड्यांना लटकलेल्या, दुसरीला लागून किल्ली कापायचं मशीन, आणि मधल्या टेबलावर किल्ली घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शेगडा. सातवीतून शाळा सुटली तेव्हा तो या फटीत शिरला आणि आता साठी ओलांडली तरी तिथेच होता. गावातल्या निम्म्या दारांच्या किल्ल्या त्याच्या कानशीखालून गेल्या, पण एकीचीही जादा प्रत त्याने कधी काढून ठेवली नाही. यात काही मोठेपणा आहे असं त्याला वाटायचं नाही. लोकांच्या दारांच्या किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या कशाला, झोप उडवायला?

मास्तर त्याचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली मास्तरांची, धाकटी याची. साडू हे नातं कुणी हौसेने जोडत नाही. ते बायकोच्या पाठोपाठ घरात येतं आणि दोन परक्या माणसांना जन्मभर एका सोफ्यावर बसवून ठेवतं. बहिणी भेटल्या की स्वयंपाकघरात चार-चार तास बोलत. बाहेर हे दोघे. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला, याला कुलपापलीकडे बोलायला विषय नाही. हवापाण्याचं बोलून झालं की दोघेही पंख्याकडे बघत बसायचे.

सव्वीस वर्षांपूर्वी अशाच एका कंटाळवाण्या दुपारी खिडकीसमोरच्या तारेवर एक पक्षी येऊन बसला. मास्तर म्हणाले खाटीक. हा म्हणाला कोतवाल. दोघांनाही पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे भांडण फार रंगलं. ते त्यांचं पहिलं खरं बोलणं. पुढच्या महिन्यात दोघांत मिळून एक जुनी दुर्बीण आली आणि सुट्टीच्या दिवशी दोघे गावाबाहेरच्या तळ्यावर जायला लागले. तिथे नवीनच भानगड. मास्तर म्हणायचे मी पाहिला, हा म्हणायचा मला दिसला नाही, तेव्हा तो नव्हताच. वाद घरी पोचला. "माझा नवरा खोटं बोलतो का गं?" या एका वाक्यावरून दोन सख्ख्या बहिणी पंधरा दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तेव्हा मास्तरांनीच नियम काढला. वही एक. दोघांनी एका वेळी पाहिला तोच पक्षी वहीत. एकाला दिसला, दुसऱ्याला नाही, तर तो पक्षी सोडून द्यायचा. एकट्याने मुद्दाम जायचं नाही. जाड पुठ्ठ्याची लांब वही आणली. पहिल्या पानावर मास्तरांनी आपल्या गोलगरगरीत अक्षरात दोघांची नावं लिहिली, एकाखाली एक नाही, शेजारी शेजारी. कुलूपवाल्याने ते पान घरी नेऊन बायकोला दाखवलं होतं. शाळेच्या दाखल्यानंतर त्याचं नाव कुणी एवढ्या नीट अक्षरात लिहिलं नव्हतं, आणि एका मास्तरच्या नावाशेजारी तर नक्कीच नाही. या सव्वीस वर्षांत तीनशे अकरा पक्षी झाले. माणसं मुलाबाळांवर, घरादारावर फुशारकी मारतात. हा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचे तीनशे अकरा." आमचे. माझे नव्हे.

त्या वर्षी थंडीत एका शुक्रवारी मास्तरांचा फोन आला. पाच तासांवरच्या एका गावात एका निवृत्त नर्सबाईंच्या परसात पिवळ्या भुवईचा भारीट आला आहे. चिमणीएवढा पक्षी, थेट उत्तरेकडच्या गारठलेल्या जंगलातला, वाट चुकून इकडे उतरला आणि बाईंनी पाखरांसाठी टांगलेल्या फीडरखाली सांडलेल्या दाण्यांवर मजेत राहतो आहे. आपल्याकडे तो आजवर दोन-तीनदाच कुणाला दिसलेला.

"मंगळवारी जाऊ. तुमची सुट्टी," मास्तर म्हणाले.

"मंगळवारपर्यंत थांबेल तो?"

"थांबेल, थांबेल," मास्तर इतक्या खात्रीने म्हणाले की जणू त्यांनी त्याच्याशी बोलूनच घेतलं होतं.

मंगळवारपर्यंत कुलूपवाल्याने तीन किल्ल्या चुकीच्या कापल्या. बायको म्हणाली, "लग्नाच्या आधी तरी एवढे उतावळे झाला होतात का हो?" तो म्हणाला, "तेव्हा तू उडून जाशील अशी भीती नव्हती." अशा गमतीत दिवस गेले. मंगळवारी पहाटे तिने डबा बांधून दिला, मास्तरांसाठी वेगळा, बिनगोडाचा. सहा महिन्यांपूर्वी त्यांना साखर निघाली होती. दारात निरोप देताना ती काहीतरी बोलणार होती, पण मग "मफलर घ्या" एवढंच म्हणाली.

दोन बस बदलाव्या लागल्या. मास्तरांनी त्याला आग्रह करून खिडकीशी बसवलं, हे जरा नवलच होतं, कारण सव्वीस वर्षं खिडकी मास्तरांची होती. वाटेत हाच बोलत होता. तीनशे बारावा कुठल्या पानावर येणार, या वेळी जागेचं नाव ठळक लिहा, बाईंचंही नाव लिहू, त्यांच्यामुळेच तर. मास्तर हं, हं करत होते. पोटात बरं नसेल म्हणून याने त्यांना दोनदा पाणी दिलं.

बाईंचं घर गल्लीतलं शेवटचं. पुढे कमरेएवढ्या भिंतीत लोखंडी फाटक, हिरवा रंग उडालेलं. कुलूपवाल्याची नजर सवयीने बिजागरीवर गेली. बिजागरी उतरली होती, फाटक एका अंगाला कललेलं, त्यामुळे आतली कडी खोबणीत रुतून बसली होती. अशी फाटकं त्याने शेकड्यांनी सरळ केली होती. घरच्या माणसाला ती बरोबर उघडता येतात. परका माणूस आधी ढकलतो, मग ओढतो, मग खडखडवतो, मग हाका मारतो. यातून कुणी सुटत नाही. हुशारातला हुशारही पहिल्यांदा ढकलतोच.

मास्तर पुढे होते. त्यांनी डावा हात फाटकाच्या खालच्या पट्टीला घातला, फाटक दोन बोटं वर उचललं, स्वतःकडे किंचित ओढलं आणि उजव्या अंगठ्याने कडी खाली दाबली. फाटक उघडलं. मास्तर मागे न बघता आत गेले.

कुलूपवाला फाटकाशीच उभा राहिला. त्याने स्वतःला दटावलं. अरे, भूगोलाचा मास्तर आहे, डोकं आहे माणसाला. एवढ्यातेवढ्यावरून काय? पण जन्मभर हात बघत आलेल्या माणसाला हातांबद्दल फसवणं अवघड. तो हात त्या फाटकाला आधी भेटलेला होता.

बाईंनी दार उघडलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चटचट चालणाऱ्या. "या, या. तुम्ही दोघं पहिल्यांदाच येताय ना," असं त्या म्हणाल्या, आणि पाठ केलेली कविता म्हणून टाकावी तसं ते वाक्य एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या. स्वयंपाकघरात मोठी खिडकी होती. खिडकीसमोर चार खुर्च्या मांडलेल्या, बाहेर गवताचा लहानसा तुकडा आणि झाडाच्या फांदीला टांगलेला फीडर. त्यावर साध्या चिमण्यांची झुंबड. भारीट नव्हता.

"येतो. अकराच्या सुमारास येतो," बाई म्हणाल्या आणि चहाला लागल्या. मास्तर उजवीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसले. पहिली खुर्ची ओट्याजवळ होती, जास्त सोयीची. मास्तर तिच्याकडे बघायलाही गेले नाहीत. थोड्या वेळाने कुलूपवाला तिच्यावर बसला तर तिचा एक पाय डुगडुगत होता.

बाईंनी तीन कप आणले. एक मास्तरांच्या हातात देत म्हणाल्या, "हा तुमचा, बिनसाखरेचा."

कुणी त्यांना साखरेबद्दल सांगितलं नव्हतं. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. रोग्यांना सुई टोचताना चाळीस वर्षं "दुखणार नाही हं" म्हणत आलेल्या बाई, पण एवढं साधं खोटं त्यांना निभावता आलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी बिस्किटं बघते," म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बिस्किटंच बघत राहिल्या.

"मास्तर, कधी आला होतात?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "साडूभाऊ, तुम्ही उगीच…"

"कधी?"

"मागच्या रविवारी. म्हणजे नऊ दिवस झाले."

"कुणाबरोबर?"

"आमचा एक ग्रुप आहे. पाच-सहा जण. त्यांच्याकडे गाड्या आहेत. फोनवर बातमी आली की तासाभरात निघतात. तुमचं दुकान, तुमचा मंगळवार. पक्षी काय मंगळवार बघून येतात का? माझं बहात्तर चालू आहे, साडूभाऊ. गुडघा हा असा. किती मंगळवार उरलेत मला?"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच जास्त लागलं. खोटं कारण असतं तर भांडता तरी आलं असतं.

"तिथे वेगळी वही आहे?"

मास्तरांनी खाली ठेवलेला कप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आहे."

"किती झाले?"

"चारशे एकोणनव्वद."

"आणि आपले तीनशे अकरा?"

"ते त्यातच आहेत की."

ते त्यातच आहेत. कुलूपवाल्याच्या अंगावरून कुणी गार पाण्याची बादली ओतली असती तरी तो एवढा शहारला नसता. याची सव्वीस वर्षं कुणाच्या तरी मोठ्या वहीत सुट्या चिल्लरीसारखी पडून होती.

"म्हणजे आपण बरोबर जायचो, तुम्ही टाळ्या वाजवायचात, मला मिठी मारायचात. त्यातले किती तुम्ही आधीच बघून आलेले असायचात?"

मास्तरांचा अंगठा नकळत बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. मोजत होते. एका हाताची बोटं संपली, अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर आला. कुलूपवाल्याने मान फिरवली. मोजायला वेळ लागतो आहे, एवढं उत्तर त्याला पुरे होतं.

बाहेर चिमण्या दाण्यांवरून भांडत होत्या. कुलूपवाल्याचा आवाज आता चढला नाही, उलट खाली गेला. त्याने मास्तरांना एक गोष्ट सांगितली जी आजवर कुणाला सांगितली नव्हती. एका बायकोला तेवढी ठाऊक होती, आणि ती ऐकून हसली होती. गेल्या वर्षी मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात दुकानासमोरच्या झाडावर लांब कानांचं घुबड येऊन बसलं. दिवसाढवळ्या. रस्त्यावर बघ्यांची गर्दी. शेजारचा चष्मेवाला सारखा बोलवायला यायचा, अरे बघ की, काय कान आहेत! हे घुबड वहीत नव्हतं, आणि सव्वीस वर्षं दोघांना ते बघायचं होतं. मास्तर पलंगावर पडलेले. मग याने तीन दिवस शटर अर्धं खाली ओढून भिंतीकडे तोंड करून किल्ल्या कापल्या. घरी जाताना मान खाली घालून, दुसऱ्या फूटपाथने. चौथ्या दिवशी घुबड गेलं तेव्हा त्याला हायसं वाटलं.

"मला वाटलं, मी एकट्याने बघितलं तर तुमच्याशी दगाबाजी होईल," तो म्हणाला. "तुम्ही अंथरुणात, आणि मी मजा मारतोय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मास्तर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर इथेही काहीतरी थाप मारून मोकळे झाले असते, आणि खरं सांगायचं तर ते बरं झालं असतं.

"मी आलो होतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"घुबड बघायला. ग्रुपमधल्या एकाने गाडी आणली. मागच्या सीटवर पाय लांब करून बसलो. उतरलो नाही, गाडीतूनच पाहिलं. तुमच्या दुकानासमोरच थांबलो होतो. शटर अर्धं खाली होतं तुमचं. म्हटलं, कामात असाल."

कुलूपवाल्याला रडू आलं नाही, राग आला नाही. त्याला लाज वाटली. भिंतीकडे तोंड करून बसलेला एक साठीचा माणूस त्याला पाठीमागून दिसला आणि तो माणूस फार बावळट दिसत होता. फसवणारा मोकळा राहतो आणि लाज मात्र फसलेल्याला वाटते. हा कुठला न्याय, कोण जाणे.

तेवढ्यात बाई आतून दबक्या आवाजात म्हणाल्या, "आला. आला बघा. कुंडीच्या डावीकडे."

तो आला होता. फीडरवर नाही, खाली जमिनीवर, चिमण्यांपासून जरा अंतर राखून. कुलूपवाल्याला दुर्बिणीची गरजच पडली नाही. काचेपलीकडे चार हातांवर पक्षी होता. काळं डोकं, मधोमध पांढरी रेघ, आणि डोळ्यावर ती भुवई, हळदीच्या बोटाने ओढल्यासारखी पिवळी. छातीवर बारीक काळे फराटे. चोच गुलाबी. दाणा उचलायचा, सोलायचा, फोलपट टाकायचा, मान वाकडी करून खिडकीकडे बघायचा. एवढं लांबून एकट्याने येऊन इथे बसला होता, आणि काही बिघडलं नव्हतं त्याचं. इतका सुंदर पक्षी त्याने तीनशे अकरांत पाहिला नव्हता. हात आपोआप शेजारी जायला निघाला, मास्तरांचा दंड धरायला. त्याने तो मांडीखाली दाबला.

मास्तरांनी पिशवीतून वही काढली होती. जुनीच, जाड पुठ्ठ्याची. पेनाचं टोपण काढून मांडीवर पान उघडलं होतं. त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांना वाटत होतं की हा पक्षी सगळं सांभाळून घेईल.

"दिसला ना, साडूभाऊ?"

"नाही."

"अहो, तो काय, समोर! कुंडीशी!"

"मला नाही दिसला."

"साडूभाऊ…"

"चिमण्या दिसतायत. दुसरं काही दिसत नाही मला."

बाई दारात बिस्किटांची बशी घेऊन उभ्या होत्या. त्या एकदा याच्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तरांना तो पक्षी वहीत लिहिता आला असता. कोण विचारणार होतं? नऊ दिवसांपूर्वी त्यांनी दुसऱ्या वहीत लिहिलाही होता. पण त्यांनी पेनाला टोपण लावलं, पान मिटलं आणि वही पिशवीत ठेवली. एवढा एक नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, आणि याचंही कुलूपवाल्याला वाईटच वाटलं. भारीट अजून दाणे टिपत होता. कुलूपवाला त्याच्याकडे टक लावून बघत होता आणि आपल्याला तो दिसत नाही असा चेहरा करून बसला होता.

परतीला तो एकटाच निघाला. मास्तर म्हणाले, मी पुढच्या बसने येतो. हा बरं म्हणाला. फाटक त्याने आपल्या पद्धतीने उघडलं आणि बाहेर आल्यावर, सवय म्हणून, बिजागरीचा ढिला स्क्रू खिशातल्या चपट्या कानशीने पिळून दिला.

पाच तास त्याने बसमधे मनातल्या मनात बायकोला सगळं सांगितलं. काही वेळा मास्तरांना शिव्या घालून, काही वेळा न घालता. आता तिच्याशिवाय कुणाला सांगणार? आणि तिला तो भारीटही सांगणार होता. भुवई, चोच, मान वाकडी करायची तऱ्हा, सगळं. वहीत नाही तर नाही, निदान एका माणसाच्या कानात तरी तो पक्षी जायला हवा होता. चौतीस वर्षं त्याने तिला दिवसभराचं सगळं सांगितलं होतं. आणि ती अशी ऐकणारी की कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आरसा बदलला तरी "काय सांगता!" म्हणायची.

दिवेलागणीला तो घरी पोचला. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मफलर न काढताच तो समोर बसला आणि सांगत सुटला. ग्रुप, गाड्या, दुसरी वही, चारशे एकोणनव्वद, घुबड. ती ऐकत होती. टॉवेलची घडी झाली, उशीच्या अभ्र्याची झाली. त्याचं सांगून संपलं तरी ती "काय सांगता!" म्हणाली नाही.

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. ती अभ्र्याची झालेली घडी मोडून परत घालत होती.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"ताईनं शपथ घातली होती हो."

"किती वर्षं?"

"सगळं नव्हतं ठाऊक. घुबडाचं नव्हतं, देवाशपथ." मग हळूच, "सात-आठ वर्षं झाली असतील."

सात-आठ वर्षं. म्हणजे सात-आठ वर्षं तो तळ्यावरून येऊन चपला काढता काढता नवा पक्षी सांगायचा आणि ही ओट्याशी उभी राहून म्हणायची, काय सांगता!

"तुम्ही इतके खूश होऊन यायचात," ती म्हणाली. "कसं सांगायचं मी? तुमची तेवढीच तर मजा होती."

मफलर काढून त्याने त्याची घडी केली आणि तिच्या घड्यांवर ठेवली. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि काहीतरी चांगलं निघावं म्हणून आशेने विचारलं, "पण तो पक्षी? एवढे लांब गेलात, तो तरी दिसला का?"

कुंडीच्या डावीकडचा पक्षी त्याच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा होता.

"नाही," तो म्हणाला. "आम्ही पोचायच्या आधीच उडून गेला होता."

"अगं बाई," ती हळहळली. खरोखरच हळहळली. तिने एका क्षणासाठीही शंका घेतली नाही, कारण चौतीस वर्षांत तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.